वाढत्या अंगाच्या काठ्या

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची अशी कधी आली नाही. माझा फ्रॉक शिवायचा तो पुढच्या दोन दिवाळ्या धरून. खालचा घेर वीतभर आत दुमडून आई त्याला टीप घालायची आणि मी वर्षभर नंदीबैलाची झूल पांघरल्यासारखी हिंडायची. घेर उसवत उसवत फ्रॉक अखेर अंगाला बसायला लागे, तोवर त्याचा रंग उडालेला असे. चपलांच्या टोकात कापसाचा बोळा असायचा. अप्पा, म्हणजे माझे वडील, या सगळ्याला 'वाढत्या अंगाचं' म्हणत आणि त्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. वस्तू आपल्याला लहान पडली तर ती फुकट गेली. आपण वस्तूला लहान पडलो तर वाढायला जागा राहते. मी इंटरला असताना हेच तत्त्वज्ञान लावून त्यांनी गोल्फच्या चौदा काठ्या घरी आणल्या, आणि त्यानंतर जे घडलं ते ऐंशी उलटल्यावरही मला नीट उलगडलेलं नाही. लिहिताना उलगडेल अशी आशा आहे, पण भरवसा नाही.

गिरगावात आमच्या दोन खोल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या अगदी टोकाला. सकाळ ट्रामच्या घंटेने आणि खालच्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीने उजाडायची. आई मालवणकडची. रविवारी तिच्या तव्यावर आंबोळ्या पडायच्या आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास जिन्यापर्यंत जायचा. तिचा धाकटा भाऊ सदूमामा लालबागला राहायचा, कापडगिरणीत फिटर होता. पहिली आंबोळी पडायला आणि मामा दारात उभा राहायला एकच गाठ पडायची. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे, आणि मामा त्यात गळ्यापर्यंत बुडालेला. सभा, मोर्चे, पत्रकं चिकटवणं. त्याचा आवाज कायम बसलेला असायचा आणि बोटांना खळ लागलेली. आमच्या चाळीतही संध्याकाळी जिन्यावर तावातावाने चर्चा चाले. मुंबई महाराष्ट्राचीच, याबद्दल अप्पांच्या मनात काडीचीही शंका नव्हती. पण गोऱ्यांच्या कंपनीतला माणूस म्हणून ते जिन्यावर थांबत नसत. "हो, हो, झालाच पाहिजे," असं पुटपुटत, छत्री सावरत ते वर येत आणि दार लोटून घेत.

अप्पा फोर्टमधल्या एका जहाजी मालाच्या कंपनीत हेडक्लार्क होते. तीस वर्षांत त्यांनी सात-आठ गोरे साहेब पाहिले आणि त्यातून साहेबाच्या बोलण्याचा उलटा अर्थ लावायची विद्या कमावली. साहेब म्हणाला, काही घाई नाही, की काम संध्याकाळच्या आत टेबलावर हवं. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, म्हणजे मला हवं तसं करा. आणि साहेब 'छान' म्हणाला की समजावं, कुठेतरी घोडं पेंड खातंय. ही विद्या ते जेवताना आम्हाला समजावून सांगत आणि आई म्हणायची, एवढं उलटसुलट करण्यापेक्षा सरळ विचारत का नाही? अप्पांना हसू यायचं. साहेबाला सरळ विचारणारा कारकून त्यांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता. आता नवा साहेब आला होता, स्कॉटलंडचा, लाल चेहऱ्याचा, मोठ्याने हसणारा. हा माणूस जे बोलायचा तेच त्याला म्हणायचं असायचं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

कंपनीत असिस्टंट मॅनेजरची जागा होती. तिच्यावर आजवर गोराच बसत आलेला. या वेळी पहिल्यांदाच ती आपल्या माणसाला मिळणार होती. नावं दोन चालली होती. एक अप्पांचं, दुसरं मलबार हिलवर राहणाऱ्या एका विलायतेत शिकून आलेल्या तरुणाचं. अशात एके दिवशी साहेबाने अप्पांना विचारलं, गोल्फ खेळता का? अप्पांनी गोल्फ फक्त वर्तमानपत्राच्या फोटोत पाहिला होता. साहेब म्हणाला, मग या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी या. वडाळ्याला मिठागरांच्या अलीकडे साहेबलोकांनी स्वतःपुरतं एक नऊ खड्ड्यांचं मैदान केलं होतं, त्याच्या कडेलाच याचा बंगला होता. बायकोला आणा, मुलीला आणा, खेळून झाल्यावर चहा घेऊ. आणि एका कागदावर त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं की नवशिक्याने काय घ्यावं: पाच काठ्या पुष्कळ झाल्या, काठीचं डोकं रुंद असावं, दांडा जरा लवचीक असावा, लांब काठ्यांच्या नादी लागू नये, जुन्या घेतल्या तरी चालतील.

तो कागद अप्पांनी मला वाचायला दिला. मी होता तसा वाचून अर्थ सांगितला. अप्पा माझ्याकडे बघून कीव आल्यासारखे हसले. "अगं, साहेब पाच म्हणतो म्हणजे तो बघतोय, हा माणूस पाचावरच अडतो की पुढे बघतो. ही परीक्षा आहे, कुंदा." मला ते पटलं. आज वाटतं, मी तेव्हा फक्त 'कशावरून?' असं विचारायला हवं होतं. पण मीही त्याच घरात वाढलेली. सरळ वाक्यात काहीतरी लपलेलं असतं हे मलाही आईच्या दुधासारखंच मिळालं होतं.

धोबीतलावाला एका म्हाताऱ्या पारशी बावाजीचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, तिथे आम्ही दोघं गेलो. बावाजीने अप्पांना ताठ उभं केलं, मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरली, त्यांचा पंजा उलटासुलटा करून पाहिला, हवेत एक काठी फिरवायला लावली आणि आत जाऊन कॅनव्हासच्या पिशवीतल्या पाच काठ्या घेऊन आला. रुंद तोंडाच्या, जाडसर, दिसायला अगदीच ओबडधोबड. साहेबाच्या कागदात होत्या तशाच. अप्पांची नजर मात्र काचेच्या कपाटाकडे गेली होती. तिथे तपकिरी कातड्याच्या पिशवीत चौदा काठ्या होत्या, सुरीसारख्या पातळ पात्यांच्या, चकचकीत. कुणी लष्करातला गोरा या काठ्यांवर कप जिंकून, त्या विकून मायदेशी गेला होता. अप्पांनी बोट दाखवलं. बावाजी मान हलवत म्हणाला, "ये तुमारे वास्ते नहीं, शेठ. जो बरसों खेला है उसका माल है. बॉल जरा बाजू में लगा तो हाथ झनझन करेगा." त्यातलं पहिलं वाक्यच अप्पांच्या कानात गेलं असावं. ही गोष्ट तुमच्यासाठी नाही, हे त्यांनी फोर्टमध्ये कितीतरी दारांवर ऐकलं होतं. त्यांचा चेहरा असा झाला की बावाजीने मुकाट्याने कपाटाची किल्ली काढली. किंमत काय पडली ते अप्पांनी आईला कधीही सांगितलं नाही.

पिशवी खांद्यावर मारून अप्पा चाळीत शिरले तेव्हा पोरांची ही वरात मागे लागलेली. पहिल्या मजल्यावरचे जोशीमास्तर काठ्या मोजून म्हणाले, "चौदा? आता चौदावं रत्न कुणाला दाखवणार, अप्पा?" गॅलरीभर हशा पिकला. आई पोळपाट-लाटणं टाकून दारात आली. ती एरवी आमच्यासारखीच बोलायची, पण गडबडली की थेट गावाकडे पोचायची. "ह्या काय हाडलात?" ती म्हणाली. मग सगळं ऐकून घेतल्यावर, अप्पांच्या बढतीचा प्रश्न आहे म्हटल्यावर, तिने निरांजन लावलं, चौदाही काठ्यांना हळदीकुंकू वाहिलं आणि पिशवी खाटेखाली सरकवली. ती तिथे मावत नव्हती. रात्री उठताना प्रत्येकाला तिची ठेच लागायची आणि ज्याला लागेल तो मुकाट्याने पाय चोळत परत झोपायचा.

लायब्ररीतून मी गोल्फ शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक आणलं. कॉलेजातून आले की ते वाचून अप्पांना मराठीत सांगायचं, हे माझं काम झालं. घोळ तिथेच सुरू झाला. या काठ्यांच्या लोखंडी पात्यांवर एकपासून नऊपर्यंत आकडे कोरलेले होते. अप्पांच्या हिशेबाने एक नंबर म्हणजे अव्वल, नऊ नंबर म्हणजे वर्गातला शेवटचा पोरगा. पुस्तक सांगत होतं ते नेमकं उलटं. एक नंबरचं पातं जवळजवळ उभं, दांडा लांब. ती हातात बसायला वर्षं जातात, नवशिक्याने ती कपाटातच ठेवावी. नऊ नंबरचं पातं मागे कललेलं, दांडा आखूड. चेंडू ती आपोआप उचलते, चूक झाली तरी सांभाळून घेते. मी हे एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आकृती काढून दाखवली. अप्पा शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे साहेबासमोर पहिला नंबर सोडून नववा काढू?" 

सराव गच्चीवर चालायचा. दोरीवर गोधडी टांगलेली, खाली काथ्याचं पायपुसणं, आणि चेंडू म्हणून चिंध्या भरलेला माझा जुना मोजा. गोधडीवर धप्प आवाज झाला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायचं, "लागला का हो?" उजाडता उजाडता आम्ही चौपाटीवर जायचो, ओल्या वाळूत खरा चेंडू ठेवायचा. अप्पा एक नंबर काढत. वाळूचा फवारा उडे, चेंडू जागच्या जागी, आणि अप्पा हाताची बोटं उघडझाप करत उभे. झिणझिण्या येत असणार, पण बोलून दाखवायचे नाहीत. ते दम खात बसले की मी नऊ नंबर घेऊन बघायची. चेंडू अलगद वर जायचा, थोडा लांब जाऊन पडायचा, आणि माझ्या पोटात असा काही आनंद उसळायचा की मी तो घाबरून गिळून टाकायची. अप्पा म्हणायचे, चांगलं आहे, मुलीबाळींना ती ठीक आहे.

मग एका रविवारी सदूमामाने त्या काठ्या पाहिल्या. आंबोळीचा हात धोतराला पुसून त्याने एकेक काठी उचलली, बोटावर तोलून पाहिली, एक डोळा मिटून दांड्याची सरळ रेषा बघितली. मामाला गोल्फचं ओ की ठो कळत नव्हतं, पण हत्यार कळत होतं.

"भावोजी, ही वस्तादाची हत्यारं," तो म्हणाला. "आमच्या खात्यात नवा पोरगा आला का पहिलं वर्ष त्याच्या हातात जाडी कानस देतात. बारीक कानस दिली तर काम पण बिघडतं नि हात पण बिघडतो. त्यात लाज कसली?"

"मी नवा पोरगा नाही, सदाशिव," अप्पा म्हणाले.

मामाला ते कधीच सदाशिव म्हणत नसत. आईने तवा खाली उतरवला. मामालाही राग आला असावा, कारण तो मग काठ्यांवरून साहेबावर आणि साहेबावरून मुंबईवर घसरला. इकडे आमची माणसं रस्त्यावर उतरलीत आणि तुम्ही गोऱ्याच्या गवतावर चेंडू मारायला चाललात, असं तो म्हणाला. त्यावर अप्पा म्हणाले, आयुष्यभर यंत्राच्या मागे उभं राहणाऱ्याने खुर्चीच्या गोष्टी शिकवू नयेत. मामा उठला. ताटात आंबोळी तशीच होती. पुढचे तीन रविवार तो आला नाही. आई आंबोळ्यांचं पीठ तेवढंच भिजवायची आणि उरलेल्या आंबोळ्या संध्याकाळी आम्ही खायचो.

मध्ये एक सांगायला हवं. गेल्या वर्षी माझ्या नातवाला हाच खेळ शिकायची हुक्की आली आणि तो मला बरोबर दुकानात घेऊन गेला. दुकानातल्या मुलीने विचारलं, किती दिवस खेळताय? हा बेधडक म्हणाला, अजून सुरुवातच नाही, मला काही म्हणजे काही येत नाही, सगळ्यात सोपं असेल ते द्या. तिनेही हसत रुंद डोक्याच्या सात-आठ काठ्या समोर ठेवल्या. मी खुर्चीवर बसले होते, मला एकदम रडू आलं. नातवाला वाटलं एसीचा वारा लागतोय. एवढं साधं असतं का ते? मला काही येत नाही, हे वाक्य आमच्या घरात कुणाच्या तोंडून मी कधीही ऐकलं नव्हतं.

शनिवार उजाडला. आई आली नाही; काटे-चमचे मला जमायचे नाहीत म्हणाली. अप्पा आणि मी बसने वडाळ्याला गेलो. अप्पांनी पांढरी पॅन्ट नवी शिवली होती, अर्थात कंबरेत सैल, पट्ट्याने आवळलेली. मिठाचे पांढरे ढीग, त्यांच्यावरून येणारा खारा वारा, आणि मध्येच ती हिरवळ. साहेबाने आमची पिशवी बघून भुवया वर केल्या. छान सेट आहे, माझ्याहून छान, तो म्हणाला. अप्पांच्या कोशात 'छान'चा अर्थ काय होता ते मी सांगितलंच आहे. खेळ सुरू व्हायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी एक नंबर काढली. पहिल्या टोल्याला गवताचं ढेकूळ उडालं. दुसरा चेंडूला न लागता हवेतच गेला. तिसऱ्याला चेंडू दहा हात घरंगळत जाऊन चरात पडला. साहेबाने आपली सात नंबरची काठी पुढे केली आणि ही घेऊन बघा म्हणाला. अप्पांनी नको, नको, अगदी ठीक आहे असं म्हणत चरात उतरून चेंडू शोधला. नऊच्या नऊ खड्डे असंच चाललं. साहेबाचेही टोले काही फार धड जात नव्हते. त्याचा चेंडू एकदा मिठागराच्या पाण्यात पडला, तेव्हा तो पोटभर हसला. मला वाटलं, अप्पांना बरं वाटावं म्हणून हसतोय. अप्पांना वाटलं, त्यांना हसतोय. तो स्वतःलाच हसत असेल हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. शेवटी साहेबाची मडम बंगल्यातून बाहेर आली आणि तिने माझ्या हातात आपली एक आखूड काठी दिली. नको म्हणायचं कसं ते मला कळेना, म्हणून मी चेंडू मारला. तो छान उंच गेला आणि निशाणाच्या जवळ पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी सगळ्यात जास्त वेळ वाजवल्या, आणि त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

चहाला काकडीचे सँडविच होते. अप्पा व्हरांड्यात साहेबाजवळ बसले. मडम मला कपबशा दाखवायला म्हणून आत घेऊन गेली, आणि तिथे कपाटाशी उभं राहून ती सहज म्हणाली, तुझ्या वडिलांचं ठरलं याचा आम्हाला दोघांना फार आनंद झाला. आठवड्यापूर्वीच ठरलं. माझा नवरा सकाळपासून पत्र खिशात घालून फिरतोय, खेळ झाल्यावर चहाच्या वेळी हातात देणार म्हणून.  तिचं इंग्रजी मला कळत होतं, शब्दन् शब्द कळत होता. फक्त त्या शब्दांच्या मागे काय आहे ते मी शोधत होते, आणि मागे काहीच नव्हतं. कपबशी ठेवून मी व्हरांड्याकडे वळले. पळता येत नव्हतं, पाहुणी होते.

व्हरांड्यात अप्पा उभे होते. साहेबही उभा राहिला होता. त्याचा एक हात कोटाच्या आतल्या खिशात होता. तो म्हणत होता, मला फार वाईट वाटतं, पण जो माणूस आपलं मन ओळखून असतो त्याचा मी मान राखतो. मग त्याचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला आणि त्याने अप्पांशी हस्तांदोलन केलं. मी तिथे बोलू शकले असते. इंग्रजी मला बोलता येत होतं. पण मोठ्या माणसांनी हात मिळवल्यावर मुलीने मध्ये काय बोलायचं, हे मला सुचलं नाही. सुचलं नाही हेच खरं, बाकी मी पुढे स्वतःला सांगितलेल्या सबबी आहेत.

परत निघालो तर कुठेतरी मोर्चा होता आणि बस बंद झाल्या होत्या. आम्ही चालत निघालो. भोईवाड्याच्या कोर्टाच्या भिंतीशी अप्पा सावलीला थांबले आणि आपण होऊन म्हणाले, त्याने नाही म्हणायच्या आत मीच म्हटलं, सर, मी या जागेसाठी योग्य माणूस नाही, माझं नाव काढून टाका. निदान मान राहिला. तेव्हा मी त्यांना मडमने सांगितलेलं सांगितलं. अप्पांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांग," ते म्हणाले. मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. रस्त्यावरून माणसं झेंडे घेऊन चालली होती आणि आम्हा दोघांकडे, त्या पिशवीकडे वळून वळून बघत होती. मी म्हटलं, सोमवारी जाऊन साहेबाला सांगा, गैरसमज झाला होता. अप्पा म्हणाले, "काय सांगू? परवा झेपणार नव्हतं, आज झेपतंय? तो विचारेल, दोन दिवसांत असं काय झालं." मग त्यांनी पिशवी उचलली. आईला एवढ्यात काही बोलू नकोस, म्हणाले.

घरी आई दारातच उभी होती. अप्पा "नाही झालं," एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला मोरीत गेले. यात खोटं काही नव्हतं. बाकीचं चाळीने जुळवलं. आठवड्याभरात मलबार हिलवरच्या त्या तरुणाचं नाव जाहीर झालं आणि मग काय विचारता! तीस वर्षं घासलेल्या मराठी माणसाला डावललं, कालच्या पोराला खुर्चीत बसवलं. जोशीमास्तर, जे काठ्या मोजून हसले होते, ते अप्पांसाठी पेढे घेऊन आले. कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नसावं. रविवारी सदूमामा आला. उंबऱ्यातच अप्पांना मिठी मारून म्हणाला, भावोजी, मी तोंड टाकलं ते माफ करा, तुम्ही आपल्या परीने लढलात. अप्पा त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. दर वेळी मला वाटायचं, आता सांगतील. दर वेळी ते पाट ओढून जेवायला बसायचे. मामा परत यायला लागला होता, आई पुन्हा हसायला लागली होती. त्यात खरं सांगायला जागाच उरली नव्हती. मीही गप्प होते. अप्पांच्या बाजूने गप्प होते की अप्पांवर रागावून, ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

मामाने ही गोष्ट लालबागभर केली. मराठी माणसाची या शहरात काय गत आहे हे सांगताना तो आमच्या अप्पांचं उदाहरण द्यायचा. एका संध्याकाळी, पहिली पाळी सुटून माणसं घरी आल्यावर, त्याच्या चाळीच्या चौकात सभा होती. मामा येऊन बळेच आम्हा तिघांना घेऊन गेला. चौकात पुरुष दाटीवाटीने बसलेले, वरच्या गॅलऱ्यांत बायका आणि पोरं. आई आणि मी पहिल्या मजल्याच्या कठड्याशी उभ्या होतो. मामा बाकड्यावर चढून बोलला, फार छान बोलला. तीस वर्षं, म्हणाला, तीस वर्षं ज्याने यांच्या वह्या सांभाळल्या, त्याला यांनी दाराबाहेर उभं केलं. मग त्याने अप्पांना हात धरून बाकड्यावर चढवलं. कुणीतरी हार घातला. दोन शब्द बोला, दोन शब्द, असा गलका झाला.

 अप्पांनी हार काढून हातात घेतला. मला दिसत होतं, ते आता खरं सांगणार. 

"मला साहेबांनी डावललं नाही," ते म्हणाले. आवाज लहान होता, पण चौक गप्प झाला होता. "जागा ते मलाच देत होते. पत्रसुद्धा तयार होतं. मीच नको म्हणालो."

 मग मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा चौक उठला. टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या. गोऱ्या साहेबाने देऊ केलेली खुर्ची या माणसाने लाथाडली, आणि इतके दिवस शब्दानेही बोलला नाही! मामा बाकड्यावर चढून अप्पांना कवटाळून रडत होता. अप्पा हात वर करून काहीतरी सांगत होते. तसं नाही, ऐका, असं त्यांच्या ओठांवरून मला कळत होतं, पण त्यांचा आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता. मग त्यांनी मान वर करून गॅलरीत मला शोधलं. त्या सगळ्या माणसांत मला एकटीलाच ते ठाऊक होतं. माझ्या शेजारी आई पदराने डोळे पुसत होती. तिने माझा दंड घट्ट धरला.

"खरां काय गो?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. आईने दंड सोडला आणि ती दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवायला लागली. अप्पा अजून माझ्याकडेच बघत होते. मग मीही टाळ्या वाजवल्या, आणि अप्पांनी नजर काढून घेतली.